माळ्यावरचे अकरा डबे : टिनमधलं चिकन आणि मासे खावेत का?

बोरिवलीची_सून

नमस्कार मंडळी. धागा मांसाहाराचा आहे, शाकाहारी मित्रांनी इथूनच परत फिरलं तरी राग नाही.

धाकटे दीर दोहाला असतात. मार्चमध्ये आले ते एक अख्खी बॅग डब्यांची घेऊन. चिकन लंचन मीट (लगदा करून डब्यात थापलेलं मांस) पाच, ट्यूना चार, सार्डिन दोन. सासूबाईंनी "आगोटीला होतील" म्हणून सगळे माळ्यावर चढवले. आमचा शेवटचा मजला, वर उघडी गच्ची. मेमध्ये माळ्यावर हात घातला की तव्याला हात लावल्यासारखं होतं.

काल साफसफाईला सगळं खाली काढलं. लंचन मीटच्या एका डब्याचं झाकण किंचित वर आलंय. बोटाने दाबलं की टक्कन खाली जातं आणि लगेच बुडाची बाजू वर येते. ती दाबली की पुन्हा झाकण वर. माझ्या मुलाला खेळच मिळाला. शिवाय ट्यूनाच्या एका डब्याला वरच्या कडेलाच पोचा आहे.

नवरा म्हणतो, "तारीख 2026 ची आहे, काही होत नाही, सैनिक लढाईत हेच खायचे." सासूबाई म्हणतात हे मेलेलं अन्न, त्यात सत्त्व काही नाही. आणि सासरे, ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, त्यांनी दोन दिवसांत एक डबा तळून संपवला. आता मी कोणाचं ऐकू?

खादाडखान

फुगलेला टाका. धागा संपला.
(नाही संपणार, माहीत आहे. चहा घेऊन बसतो.)

शंकासुर

एवढं काय घाबरायचं? चांगलं वीस मिनिटं उकळा. उकळत्या पाण्यात कुठला जंतू जगतो?

प्रयोगवही

शंकासुर, जगतो ना. सगळी गोची तिथेच आहे. माझं शिक्षण आणि नोकरी दोन्ही याच क्षेत्रात, त्यामुळे जरा लांबण लावते.

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत सगळीकडे असतो. वाईट दिवस आले की तो बीजाणू करून बसतो, आणि ते बीजाणू 100 अंशाला तासन् तास उकळले तरी टिकून राहू शकतात. त्यांना हवा नको असते, आंबटपणा सोसत नाही. मांसाचा बंद डबा म्हणजे त्यांच्यासाठी सासुरवाडीच: हवा नाही, आंबट नाही, प्रथिनं भरपूर. म्हणून मांस-मासळीचे डबे कारखान्यात बंद करून मग दाबाखाली 121 अंशाला तापवतात, आणि डब्याच्या अगदी मधल्या घासाला तेवढं तापमान किमान तीनेक मिनिटं मिळालं पाहिजे असा हिशेब असतो. ते नीट झालं तर डबा वर्षानुवर्षं टिकतो, वेगळं प्रिझर्वेटिव्ह घालावं लागत नाही. टोमॅटो, अननस यांना एवढा मार लागत नाही, कारण सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली गेला की हा जंतू वाढत नाही.

आता उकळण्याचं. त्या जंतूचं विष मात्र उष्णतेने मोडतं, दहा मिनिटं खळखळून उकळलं तर नष्ट होतं. म्हणजे शंकासुरांचं अर्धं बरोबर आहे. पण ते विष इतकं जहाल की उघडताना उडालेला थेंब बोटाला लागला, ते बोट चुकून तोंडात गेलं, तरी पुरे. दीडशे-दोनशे रुपयांच्या डब्यासाठी हा जुगार कोण खेळेल? आणि चाखून बघू नका. त्या विषाला चव नसते, वासही येईलच असं नाही.

बोरिवलीताई, तुमच्या डब्याला आमच्याकडे नाव आहे. एक बाजू दाबली की दुसरी वर येते त्याला 'स्प्रिंगर' म्हणतात. डबा आपटला तरच एक टोक वर येतं आणि दाबलं की गप्प बसतं, तो 'फ्लिपर'. दोन्ही टोकं फुगलेली आणि अंगठ्याने दबतच नाहीत, तो 'हार्ड स्वेल', तो तर हातातही जपूनच घ्यायचा. स्प्रिंगर कधी नुसता जास्त भरल्यामुळेही होतो, पण तो भरल्यामुळे की आत गॅस झाल्यामुळे, हे घरी बसून कळायला मार्ग नाही. टाकायचा.

बोरिवलीची_सून

बाप रे. मुलाच्या हातातून आधी काढून घेतला. पण तारीख आहे, गळत नाही, मग फुगला कसा?

प्रयोगवही

माळा! कारखान्यात तापवूनही काही उष्णताप्रेमी बीजाणू शिल्लक राहू शकतात. ते तुमचं काही बिघडवत नाहीत, कारण साध्या तापमानाला वाढतच नाहीत. डबा 'कमर्शियली स्टराइल' (विक्रीपुरता निर्जंतुक) म्हणतात तो नेहमीच्या साठवणीच्या तापमानाला धरून. गच्चीखालच्या माळ्यावर मे महिन्यात पत्रा चाळिशीच्या वर गेला की ही झोपलेली मंडळी उठून बसतात. तुमच्या डब्यात हेच झालं असं इथून छातीठोक सांगता येणार नाही, पण बाकीचेही खाली उतरवा. स्वयंपाकघरात ओट्याखाली, गॅसपासून लांब, कोरड्या जागी.

पोचा पडलेला ट्यूनाही टाका. पोचा अंगावर असेल, उथळ असेल, धार नसेल तर चालतो. पण वरच्या-खालच्या कडेला जिथे झाकण दुमडून घट्ट केलेलं असतं, त्या शिवणीवर असेल तर नको. डोळ्याला न दिसणारी फट पडते आणि बाहेरचं आत जातं. अंगावरच्या पोच्यातसुद्धा बोट मावत असेल तर तोही बाद. गंज कापडाने पुसून गेला तर ठीक, खवले निघत असतील तर नाही.

वलांडी

मी वर्सोव्याची. आमच्याकडे डब्याला कोण विचारतो? 1 जूनला मासेमारी बंद झाली की सुके बोंबील, जवळा, सोडे. बोंबील वलांडीवर (बांबूंच्या मांडवावर) उन्हात वाळतो, त्याला ना कारखाना लागतो ना 121 डिग्री. त्यात नाही होत का तुमचा तो बोट्यु का काय?

प्रयोगवही

वलांडीताई, छान विचारलंत. बोंबलात पाणीच उरलेलं नसतं. जंतूला वाढायला पाणी लागतं, ते उन्हाने काढून घेतलं की झालं. डब्यात पाणी तसंच ठेवून जंतू मारतात, वलांडीवर जंतू तसेच ठेवून पाणी काढतात. म्हणून पावसाळ्यात सुकट ओली होऊ द्यायची नाही, एवढं तुम्ही मला शिकवाल.

वलांडी

ते मी शिकवीन. उन्हात पुन्हा दाखवायची, पत्र्याच्या डब्यात घट्ट भरायची.

चीफकुक_निवृत्त

बत्तीस वर्षं बोटीवर काढली, मुख्यतः मालवाहू. टिन या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे.

एकदा दर्बनहून सांतोसला जाताना आमची मीट रूम, म्हणजे मांस ठेवायची थंड खोली, बंद पडली. कॉम्प्रेसर गेला, सुटा भाग नव्हता. जमेल तेवढं मटण पहिल्या दोन दिवसांत शिजवलं, उरलेलं समुद्रात, आणि पुढे टिनवर. कॉर्न्ड बीफ, लंचन मीट, सार्डिन. बावीस माणसं. त्या कॉर्न्ड बीफच्या चौकोनी डब्याला बाजूला किल्ली असते, ती पट्टीत अडकवून गोल गोल फिरवायची. एका बाजूने रुंद, एका बाजूने निमुळता डबा, म्हणजे आतला गोळा सरळ घसरून बाहेर येतो. किल्ली तुटली की तुमचं नशीब. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

पोट कोणाचं बिघडलं नाही. पण पाचव्या-सहाव्या दिवसापासून पोरं पाणी मागायला लागली. रात्री उठून पाणी प्यायची. मोजे काढले की घोट्यावर वळ उमटलेला, संध्याकाळपर्यंत जात नसे. मीठ! मग मी काय केलं, लंचन मीटचे तुकडे आधी पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं आणि बटाट्यात परतायचे, वरून मीठ अजिबात नाही. सार्डिन डाळीबरोबर. त्याने जरा बरं पडलं.

सासऱ्यांना म्हणावं, डबा विषारी नाही, खारट आहे. आणि उघडण्यापूर्वी झाकण धुवा. गोदामात उंदीर फिरतात आणि ओपनरचं पातं वरची घाण सरळ आत ढकलतं.

शंकासुर

काका, आमच्या बाबांनी 80 च्या दशकात ओपनर नव्हता म्हणून स्क्रूड्रायव्हर आणि बत्ता घेऊन डबा फोडला होता. भिंतीवर रस्सा, आईचा चेहरा वेगळाच. डब्याचं पेटंट 1810 चं आणि ओपनरचं 1858 चं असं वाचलंय. मधली पन्नासेक वर्षं सगळं जग आमच्या बाबांसारखंच होतं.

प्रयोगवही

हाहा, बरोबर आहे. त्याहून मजा म्हणजे ज्याने ही पद्धत काढली तो निकोला अपेर, फ्रान्सचा मिठाईवाला. काचेच्या बाटल्या बुचाने बंद करून उकळायचा, त्यासाठी सरकारकडून 12,000 फ्रँक मिळवले 1810 मध्ये. अन्न का टिकतं हे त्याला माहीत नव्हतं. पाश्चरने ते सांगायला आणखी पन्नासेक वर्षं गेली.

थाळीतलं_गणित

आहारतज्ज्ञ आहे, दादरला बसते. "सत्त्व नाही" आणि "काही होत नाही" या दोन्ही बाजूंना थोडं थोडं.

सासूबाईंना सांगा, प्रथिनं कुठे जात नाहीत. पाणी निथळलेल्या 100 ग्रॅम ट्यूनात वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात. लोह, जस्त, बी12 बऱ्यापैकी शाबूत राहतं. बी1 मात्र उष्णतेत बरंच जातं. सार्डिन, म्हणजे आपली तारलीच, तर मला डब्यातलीच जास्त आवडते. त्या प्रक्रियेत काटे इतके मऊ होतात की चावून खाता येतात, आणि 100 ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. ओमेगा-3 वेगळंच. ताज्या तारलीचे काटे आपण मांजराला टाकतो, म्हणजे कॅल्शियम मांजराला.

लंचन मीटचं गणित वेगळं. सगळ्यांत प्रसिद्ध डबा म्हणजे 1937 पासूनचा अमेरिकन स्पॅम. त्याच्या मूळ प्रकाराचं लेबल बघा: 56 ग्रॅमच्या वाढपात 180 कॅलरी, 16 ग्रॅम चरबी, 7 ग्रॅम प्रथिनं आणि 790 मिलिग्रॅम सोडियम. सात ग्रॅम प्रथिनं म्हणजे एका अंड्याएवढी. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात पाच ग्रॅम मीठ पुरे. 340 ग्रॅमचा डबा सहा वाढपांचा असतो. दोन दिवसांत एक डबा म्हणजे सासऱ्यांनी रोज सहा ग्रॅमच्या आसपास मीठ नुसत्या चकत्यांतून खाल्लं. भाजी, आमटी, लोणचं, पापड अजून मोजलंच नाही! (तुमचा डबा चिकनचा आहे, आकडे थोडे बदलतील. लेबलवर 'सोडियम' आणि 'प्रति 100 ग्रॅम की प्रति वाढप' हे दोन्ही वाचा, लोक तिथेच फसतात.)

आखाती चिकन लंचनच्या घटकांत 'मेकॅनिकली डीबोन्ड चिकन' दिसलं तर दचकू नका. हाडांना चिकटलेलं मांस यंत्राने काढून केलेला तो लगदा. विष नाही, पण चिकनचा पीस म्हणून दर मोजू नका.

आणि नायट्राइट, म्हणजे अशा मांसात घालतात तो क्षार. गुलाबी रंग त्याचाच, पण ते घालण्याचं मोठं कारण प्रयोगवहींच्या लाडक्या जंतूला रोखणं हे आहे. दुसरी बाजू अशी की प्रोसेस्ड मांसाला आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) 2015 मध्ये पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत, टाकलं, रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. यावरून "सिगारेटइतकंच वाईट" असे फॉरवर्ड फिरतात. तो गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. तरी रोजच्या नाश्त्याला लंचन मीट, सॉसेज, सलामी नकोच. साधा मिठाच्या पाण्यातला ट्यूना या यादीत तसा बसत नाही, त्यात नायट्राइट सहसा नसतं.

शंकासुर

आणि ट्यूनातला पारा?

थाळीतलं_गणित

मोठा मासा, जास्त पारा. ट्यूना म्हणजे आपला कुपाच, पण त्यातही जाती आहेत. लेबलवर 'स्किपजॅक' किंवा 'लाइट' असेल तर तो लहान, पारा कमी. 'अल्बाकोर' किंवा 'व्हाइट' मध्ये जास्त. गरोदर बाई आणि लहान मुलं यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा. तारलीत पारा नगण्य.

कलिनाकर

विषय निघालाच आहे तर. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 944 मिलिमीटर. आमचं तळमजल्याचं घर, ओट्यापर्यंत पाणी. तीन दिवस वीज नाही, फ्रिजमधलं सगळं गेलं. ताईचा मित्र जहाजावर होता, त्याने दिलेले चार डबे फळीवर होते, ते पाण्यात खाली पडून चिखलात सापडले. लेबलं विरघळलेली. आईने घाबरून टाकले. तेव्हा फार हळहळलो होतो. आता विचारतो, खाल्ले असते तर चाललं असतं का?

प्रयोगवही

पूर्ण धातूचे, कारखान्यात बंद केलेले, पोचा-गंज नसलेले डबे वाचवता येतात. उरलंसुरलं लेबल काढायचं, साबणाने घासायचे, मग मोठा चमचाभर घरगुती ब्लीच चार लिटर स्वच्छ पाण्यात घालून त्यात 15 मिनिटं बुडवायचे. मार्करने नाव आणि तारीख लिहायची, आणि लवकर संपवायचे. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या मात्र नाही, झाकणाच्या आट्यात घाण बसते. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचा ताप किती पसरला होता आठवतं ना. तुमच्या आईला माहिती नसताना तिने टाकले, तेच बरोबर केलं.

मुलुंडची_आई

लेक टोरांटोला आहे. मी मटण सुकं करून काचेच्या बरणीत भरते, बरणी कुकरमध्ये ठेवून सहा शिट्ट्या घेते, झाकण आपोआप आत ओढलं जातं, मस्त व्हॅक्युम होतं. मैत्रीण म्हणाली महिनाभर बाहेर टिकतं. यंदा पाठवू का?

प्रयोगवही

काकू, कृपा करून नका पाठवू. झाकण आत ओढलं गेलं म्हणजे फक्त हवा नाही एवढंच सिद्ध होतं, आणि हवा नसणं हीच त्या जंतूची आवडती परिस्थिती. आपला कुकर मुंबईत, समुद्रसपाटीला, 120 च्या आसपास जातो हे खरं. पण तेल-मसाल्याच्या घट्ट मटणात मध्यभागी ती उष्णता कधी पोचली हे शिट्ट्यांवरून कळत नाही. सुरुवातीला हवा नीट बाहेर गेली नाही तर आकडा तोही नाही. बोट्युलिझमची, म्हणजे त्या जंतूच्या विषबाधेची, लक्षणं सहसा 12 ते 36 तासांत दिसतात: एकाची दोन दिसणं, पापण्या जड होणं, बोबडी वळणं, गिळता न येणं, मग लकवा वरून खाली उतरत जातो. ताप बहुतेक नसतोच, त्यामुळे लोक थकवा समजून झोपून राहतात. असं काही वाटलं तर सरळ मोठ्या रुग्णालयात, आणि काय खाल्लं ते सांगायचं.

पाठवायचंच तर रिटॉर्ट पाउचमध्ये व्यवसाय म्हणून पॅक करून देणारे असतात. ती डब्याचीच पद्धत, फक्त पत्र्याऐवजी पाकीट. सैन्याच्या तयार जेवणासाठी म्हैसूरच्या डीएफआरएलने (संरक्षण खात्याची अन्न प्रयोगशाळा) यावर बरंच काम केलंय. पण मांस त्या देशात नेऊ देतात का, ते आधी कस्टम्सला विचारा.

मुलुंडची_आई

लेकीला फोन केला. मागच्या वेळची एक बरणी अजून तिच्या कपाटात आहे. तशीच बंद टाकायला सांगितली. हात थरथरले माझे.

खादाडखान

काकू, तुमचा मसाला पाठवा, मटण तिला तिकडे मिळेल.

बोरिवलीची_सून

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

फुगलेला डबा आणि पोच्याचा ट्यूना न उघडता दोन पिशव्यांत बांधले, चिकटपट्टी लावली, वर 'खराब, उघडू नये' असं लिहिलं आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात सांगून दिले. नाहीतर कचरा वेचणाऱ्या कोणीतरी उचलला असता. उरलेले आठ ओट्याखाली आलेत.

सासऱ्यांना सहा ग्रॅमचं गणित वाचून दाखवलं. म्हणाले, "मग आमटीत घालू नकोस." तडजोड अशी की लंचन मीट महिन्यातून एकदा, दोन चकत्या, चीफकुक काकांच्या पद्धतीने उकळून.

एक राहिलं. ट्यूना उघडला, अर्धा उरला, डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवला. सासूबाई म्हणतात उघडलेल्या पत्र्यात विष तयार होतं.

प्रयोगवही

विष नाही होत, पण पत्र्याची चव उतरते आणि झाकण नीट बसत नाही. स्टीलच्या डब्यात काढा, 4 अंशाखाली ठेवा, तीन दिवसांत संपवा. आपल्या हवेत उघडा डबा ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त नको. ट्यूना तर नाहीच: तो गरम हवेत राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, अंगावर गांधी उठतात, आणि ते शिजवूनही जात नाही. आणि बंद डबा कधी गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, फुटतो.

वलांडी

उरलेल्या ट्यूनाचं पाणी पिळून टाक, एकदा धुऊन घे. कांदा, हिरवी मिरची, आलं-लसूण, हळद, चार आमसुलं, ओलं खोबरं, तेलावर परत. मीठ घालू नकोस. आमच्या जवळ्याच्या जागी चालेल.

बोरिवलीची_सून

केलं. भाकरीबरोबर. सासरे म्हणाले, "मीठ कमी आहे."

खादाडखान

😂